सकाळच्या शिफ्टमधली माझी खुर्ची

किडन्या गेल्याचं कळलं तेव्हा मला रडू आलं नाही, राग आला. शुगर अंगात आधीपासून होती, तिच्या मागोमाग बीपी आलं, आणि दोघांनी मिळून आतल्या आत किडन्यांचा निकाल लावला. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. अंबरनाथच्या एमआयडीसीत पॅकिंगच्या लाइनवर मी आयुष्य उभ्याने काढलं. सुपरवायझरशी भांडले, बायकांच्या संडासाला कडी नव्हती म्हणून मॅनेजरच्या टेबलासमोर ठाण मांडून बसले, कडी लावून घेतली तेव्हाच उठले. आणि माझ्याच पोटातले दोन कामगार नोटीस न देता काम सोडून गेले. राग येणार नाही तर काय होणार?

तेव्हापासून आठवड्यातून तीनदा मी चिखलोलीहून उल्हासनगरला डायलिसिसला जाते. चिखलोलीला स्टेशन होणार, होणार असं आम्ही फ्लॅट घेतला तेव्हापासून ऐकतोय. ते होईल तेव्हा होईल, मी शेअर रिक्षाने अंबरनाथ गाठते आणि तिथून दुसरी रिक्षा धरते. सेंटर एका कपड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. लांबट हॉल, निळ्या खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी एक मशीन. खुर्ची मागे पाडली की खाट होते. हातात ऑपरेशन करून जाड केलेली शीर असते, तिच्यात दोन सुया टोचतात. एकीतून रक्त मशीनमध्ये जातं, दुसरीतून धुऊन परत येतं. अर्धा दिवस त्यात जातो.

सकाळच्या शिफ्टला खिडकीखालची खुर्ची माझी. खालून इस्त्रीवाल्याच्या रेडिओचा आवाज यायचा, समोरच्या गच्चीवर पापड वाळत घातलेले दिसायचे. दुपारपर्यंत सुटले की घरी जाऊन जेवण, झोप, आणि संध्याकाळी मी माणसात. सोसायटीच्या कट्ट्यावर बसायचं, विहारातल्या मुलींना शिवण शिकवायचं. आजारी माणसाला दिवसाचा जो अर्धा भाग उरतो तो त्या खुर्चीमुळे मला उरत होता. म्हणून ती खुर्ची माझी होती आणि ती कुणी घेतलेली मला चालणार नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी जे केलं त्याला कुणी चांगुलपणा म्हणणार नाही.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक सिंधी बाई. उल्हासनगरातच, कॅम्प एकमध्ये, त्यांचं पडद्यांचं दुकान आहे. वयाने माझ्याहून मोठ्या, अंगाने माझ्या दुप्पट, आणि बोलायला लागल्या की मशीनचा आवाज ऐकू यायचा नाही. आम्ही सगळे त्यांना भाभी म्हणतो. त्या मला ‘अदी’ म्हणायच्या, म्हणजे त्यांच्या भाषेत बहीण. त्या हॉलचं राज्य त्यांचंच होतं.

डायलिसिसवाल्यांना पाण्याची बंदी असते. लघवी जवळजवळ बंद झालेली असते, त्यामुळे प्यालेलं पाणी अंगातच राहतं आणि पुढच्या खेपेला मशीनने ते काढावं लागतं. म्हणून आल्या आल्या वजनकाट्यावर उभं राहायचं. मागच्या वेळेपेक्षा वजन जितकं जास्त, तितकं पाणी जास्त प्यालात. सिस्टर ओरडतात, सेंटर चालवणारे सर ओरडतात, घरचे ओरडतात. तहान काय असते ते मात्र त्यांना विचारू नये. मी स्वप्नात नळ पाहिलेले आहेत.

भाभींनी यातून एक खेळ काढला होता. घरून येताना त्या एका छोट्या थर्मासमध्ये बर्फाचे खडे आणायच्या. ज्याला त्याला एकेक खडा चघळायला मिळायचा, आणि ज्याचं वजन सगळ्यात कमी वाढलेलं असेल त्याला दोन. “आज किसका दो?” असं त्या काट्याकडे बघून ओरडायच्या आणि जिंकलेल्याला सगळा हॉल एका हाताने मांडीवर थोपटून टाळी द्यायचा, कारण दुसऱ्या हातात सुया असायच्या. हसू नका. त्या दुसऱ्या खड्यासाठी मोठमोठी माणसं घरी चहाचा अर्धा कप सोडून यायची.

त्या उन्हाळ्यात सारखी मीच जिंकायला लागले. काट्यावर उभी राहिले की वजन जवळजवळ वाढलेलंच नसायचं. “वा अदी, तू तो चॅम्पियन हो गई,” भाभी म्हणायच्या. सिस्टर नव्या पेशंटला माझ्याकडे बोट दाखवून सांगायच्या, “यांच्याकडून शिका.” मीही दोन खडे गालात धरून ऐटीत बसायचे. खरं सांगायचं तर मी पूर्वीइतकंच पाणी पीत होते. मला वाटलं, अंगाला वळण लागलं असेल.

ही चूक फक्त आमच्यासारखेच करू शकतात. बाहेरच्या कुणा बाईचं वजन असं उतरलं असतं तर शेजारणीसुद्धा म्हणाल्या असत्या, अगं, डॉक्टरला दाखव. आमच्याकडे वजन उतरलं की टाळ्या. माझ्या अंगात पाणी भरत होतं आणि त्याच वेळी मांस उतरत होतं, आणि बिचारा काटा दोन्हींची बेरीज दाखवत होता. संध्याकाळी ताप यायचा, तर सिस्टर म्हणायच्या मशीनवर थंडी वाजते तशातलं असेल. खोकला यायचा, तर सर म्हणायचे छातीत पाणी झालंय, जरा जास्त काढू. आडवं झालं की दम लागायचा, मी उशीवर उशी रचून झोपायचे. प्रत्येक गोष्टीला आमच्या जुन्या आजारात एक जागा तयारच होती, त्यामुळे नव्या आजाराला कुणी ओळखलं नाही.

मग एक दिवस तांदूळ धुताना माझ्या बांगड्या मनगटावरून घसरून पातेल्यात पडल्या. साबण न लावता, न ओढता. त्या हातात मी लग्नापासून बांगड्या घालतेय, त्या काढायच्या तर तेल लावून रडावं लागायचं. मी ओल्या हाताने तशीच उभी राहिले. आमचे हे पेपर वाचत होते. मी त्यांना हात दाखवला. त्यांनी पेपर घडी करून ठेवला आणि चपला घातल्या.

सरकारी दवाखान्यात एक्स-रे झाला, थुंकी तपासली. टीबी निघाला, तोही फुफ्फुसाचा, दुसऱ्याला लागणारा.

तिथल्या डॉक्टर मुलीने फार मायेने सगळं समजावून सांगितलं. किडनी आणि शुगर असलेल्यांना हा लवकर धरतो, कारण अंगात लढायला ताकद कमी असते. गोळ्या नियमित घेतल्या तर बरा होतो. काही गोळ्या डायलिसिस झाल्यावरच घ्यायच्या, नाहीतर मशीन त्या धुऊन काढतं. मग ती म्हणाली, “आणि लघवी लाल होईल बरं का, घाबरू नका.”

“बाई, लघवी होत असती तर मी त्या मशीनवर कशाला बसले असते?” मी म्हणाले.

ती आधी गोरीमोरी झाली आणि मग इतकी हसली की बाहेरच्या रांगेतले आत डोकावले. मीही हसले. त्या दिवसातलं तेवढंच एक बरं. लघवीऐवजी माझा घाम नारिंगी व्हायला लागला, पांढऱ्या रुमालावर डाग पडायचे. खाण्याचं तर विचारू नका. टीबीवाले म्हणायचे, ताकदीचं खा, डाळ खा, केळी खा, शहाळं प्या. किडनीवाले म्हणायचे, केळं आणि शहाळं म्हणजे विष, डाळ जपून. शुगरवाले भाताकडे बघून मान हलवायचे. तिघांचं ऐकलं असतं तर मी ताटाला फक्त नमस्कार केला असता. शेवटी मी अंड्यांवर सगळ्यांचा समेट घडवून आणला.

माझी नणंद बदलापूर गावात राहते. जीव लावणारी बाई आहे, पण जगाला फार घाबरते. ती धावत आली आणि दारातूनच म्हणाली, “वहिनी, कुनाला सांगू नको गं. निमोनिया झालाय म्हन. माझ्या पोरीला बघायला लोकं येतायत.”

“निमोनियाच्या पेशंटजवळ बसलेल्यांना कुणी तपासायला सांगतं का?” मी विचारलं. “माझ्याजवळ बसून शिवण शिकणाऱ्या पोरी आहेत. त्यांना काय सांगू?”

“त्यांना काय व्हनार नाय.”

“हे तुला कुणी सांगितलं?”

मला तिची दयाही आली आणि चीडही. पोरीचं लग्न माझ्या छातीवरून मोडणार असेल तर ते मोडलेलंच बरं, असं मी तिला म्हणाले. ते जरा जास्तच झालं, पण मागे घेतलं नाही. रविवारी विहारात वंदनेला माणसं जमली तेव्हा मी तोंडाला मास्क लावून बाहेरच्या अंगणात, सगळ्यांपासून लांब उभी राहिले. वंदना संपल्यावर मोठ्याने सांगितलं, “मला टीबी झालाय. औषध सुरू केलंय. माझ्याजवळ रोज बसणाऱ्यांनी तपासून घ्या. लाजायचं काही कारण नाही, मी लाजलेली नाही.” दोघीतिघींनी पोरींना जवळ ओढलं. एक आजोबा तेवढ्यात म्हणाले, “बरं केलंस सांगितलंस.” पोरींच्या तपासण्या झाल्या, सगळ्या ठीक निघाल्या. तेव्हा मी घरात जाऊन पोटभर रडले. भाचीचं लग्नही पुढे जमलं. मुलाकडच्यांनी माझा विषय काढलासुद्धा नाही.

सेंटरमध्ये मात्र निराळं झालं.

मी फोन करून आधीच कळवलं होतं. माझ्या वेळेला गेले तर जिन्यातच सर उभे. हळू आवाजात बोलणारे गृहस्थ आहेत, आणि हळू बोलणाऱ्या माणसाशी भांडणं फार अवघड असतं. म्हणाले, “मावशी, तुम्ही बऱ्या होईपर्यंत दुसरं सेंटर बघा. इथल्या पेशंट लोकांनी तक्रार केली आहे.”

“कुणी?”

त्यांनी नाव सांगायची गरजच नव्हती. हॉलचं दार उघडं होतं आणि आतून भाभींचा आवाज येत होता, “हम सब पहले से मरे हुए हैं, ऊपर से टीबी? वो आएगी तो हम नहीं बैठेंगे.”

मला लागलं. खोटं कशाला बोलू, खूप लागलं. कालपरवापर्यंत या बाईने माझ्या गालात बर्फ ठेवला होता. पण जिन्यात उभ्या उभ्या मला हेही कळत होतं की तिची भीती खोटी नाही. त्या हॉलमधलं प्रत्येक अंग माझ्यासारखंच खचलेलं. त्यांना लागला तर त्यांचेही तेच हाल. मी त्यांच्यामध्ये तशीच जाऊन बसावं असं मलाही वाटत नव्हतं. पण मशीनशिवाय मी आठवडा काढू शकत नाही आणि हे त्या जिन्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. बरोबर आलेल्या आमच्या ह्यांनी तिथूनच दुसऱ्या सेंटरना फोन लावले. टीबी म्हटलं की पलीकडून आवाज बदलायचा. एकाने नंतर करतो म्हणून ठेवला, एकाने खुर्ची नाही म्हणून सांगितलं.

मी पायरीवर बसले. मॅनेजरच्या टेबलासमोर बसले होते तशीच, पदर खोचून.

“सर, मी इथून उठत नाही,” मी म्हणाले. “लोकांची भीती बरोबर आहे. मला वेगळं बसवा, शेवटच्या शिफ्टला बसवा, मागच्या खोलीत बसवा. मास्क काढणार नाही. पण मरायला कुठे जाऊ हे तुम्ही मला सांगू शकत नाही.”

“मावशी, समजून घ्या—”

“समजलंय म्हणूनच पायरीवर बसलेय, हॉलमध्ये घुसले नाही.”

खालच्या दुकानात येणारी गिऱ्हाइकं मान वर करून बघायला लागली. सकाळची शिफ्ट संपली, दुपारची बसली. पाय सुजून चपलेत मावेनात. आमचे हे शेजारी बसून होते. ते उभ्या आयुष्यात कुणाशी भांडले नाहीत, पण त्या दिवशी सर दुसऱ्यांदा खाली आले तेव्हा म्हणाले, “ती उठणार नाही हो. मी ओळखतो तिला.” शेवटी सरांनी कुठल्याशा मोठ्या डॉक्टरांना फोन केला, आणि मागची खोली उघडली.

“आणि सकाळची खुर्ची?” मी विचारलं. “बरी झाल्यावर माझी खुर्ची मला परत मिळाली पाहिजे.”

“बघू.”

“‘बघू’ नको. हो म्हणा. सगळ्यांसमोर म्हणा.”

त्यांनी दार उघडं ठेवून हो म्हटलं. भाभी घरी गेल्या होत्या, पण दुपारच्या शिफ्टने ऐकलं.

मागची खोली म्हणजे सामानाची खोली. भिंतीला लागून पाण्याच्या कॅनांची चळत, एक जुनं मशीन, आणि एक खिडकी तेवढी उघडी ठेवलेली. शेवटच्या शिफ्टला मी एकटीच तिथे. सिस्टर मास्क लावून येत, सुया घालत, लांबून आवाज देत. त्यांची काही तक्रार नाही, त्या येत होत्या हेच खूप. पण माणसाचं बोलणं नाही, खालचा रेडिओ नाही, पापड नाहीत. मी भिंतीशी बोलायला लागले. बहुतेक वेळा शिव्याच देत होते. संध्याकाळी कट्टा नाही, शिवण नाही. अंगात टीबी, हातात सुया, तोंडाला औषधाची मळमळ, आणि मनात एकच गोष्ट की मला माझी जागा परत पाहिजे. लोक म्हणतात, बरं होण्यासाठी चांगले विचार करावेत. मी वाईट विचार करून बरी झाले.

टीबीच्या ऑफिसातली माणसं सेंटरवर येऊन सगळ्यांना तपासून घ्या म्हणाली. बाकीच्यांनी एक्स-रे काढले. भाभींनी साफ नाही म्हटलं. “हमारे घर में आज तक किसी को नहीं हुआ,” असं म्हणाल्या म्हणे. जणू टीबी घरचं आडनाव विचारून आत येतो.

थुंकी स्वच्छ आली, पुन्हा तपासली, पुन्हा स्वच्छ आली. डॉक्टर मुलीने सांगितलं की आता माझ्यापासून कुणाला धोका नाही, गोळ्या मात्र पुढे चालू ठेवायच्या. मी सरांना आठवण करून दिली. त्यांनी खिडकीखालच्या माणसाला दुसरीकडे हलवलं. शब्दाचा पक्का माणूस निघाला, तेवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

पहिल्या सकाळी मी हॉलमध्ये शिरले तेव्हा सगळ्यांनी मास्क वर ओढले. माझ्या आणि भाभींच्या खुर्चीच्या मध्ये एक पडदा लागला होता, पोपटी, मोठ्या फुलांचा. अख्ख्या हॉलमध्ये दुसरा पडदा नाही. त्यांच्याच दुकानातला असणार, शिलाई चांगली होती. मी पडद्याला नमस्कार केला आणि बसले. बर्फाचा थर्मास माझ्यापर्यंत आला नाही. मला तो नकोच होता, पण आला नाही हे माझ्या लक्षात राहिलं.

असे काही आठवडे गेले. मग माझ्या कानांनी एक गोष्ट टिपली.

मशीनला काही अडचण आली की ते मोठ्याने वाजतं. नळी वाकली तरी वाजतं, हात हलला तरी वाजतं. दिवसभर कुणाचं ना कुणाचं वाजतच असतं. माझ्या लक्षात आलं की मशीन वाजलं की पडद्यामागून खोकल्याचा आवाज येतो. मशीन थांबलं की खोकला थांबतो. पुन्हा वाजलं की पुन्हा. आधी वाटलं योगायोग आहे. मग मी नीट कान दिला. भाभी खोकला दाबून धरत होत्या आणि आवाजाची वाट बघत होत्या.

मी पडद्याला तोंड लावून हळूच विचारलं, “भाभी, कब से है?”

“क्या?”

“खांसी.”

“एसी का है. तू अपना देख.”

“बुखार आता है? शाम को?”

मग पडदा थोडासा सरकला. मास्कच्या वर त्यांचे डोळे खोल गेले होते. गळ्याजवळची हाडं दिसत होती. त्या अवाढव्य बाईची हाडं मी कधी पाहिली नव्हती, आणि सकाळीच हॉलने त्यांना कमी वजनाबद्दल टाळ्या दिल्या होत्या. मीही मांडीवर हात मारला होता, सवयीने.

“किसी को मत बोलना अदी,” त्या म्हणाल्या. “मेरे को पीछे के कमरे में नहीं जाना. मेरी कुर्सी चली जाएगी. मैंने तेरे साथ जो किया, वो मेरे साथ भी करेंगे ना.”

मला क्षणभर बरं वाटलं. हे मी लपवणार नाही. आता कळलं ना, असं मनात आलं. पण ते बरं वाटणं टिकलं नाही, कारण ती बाई घाबरून माझ्याकडे बघत होती, आणि तिची भीती मी जिन्यातल्या पायरीवर पुरती भोगलेली होती. आणि मग मला जो राग आला तो त्यांच्यावरचा नव्हता. त्या मागच्या खोलीचं दार मी आतून बघितलं होतं, बाकीच्यांनी बाहेरून. मी आत होते तेव्हा बाहेरच्यांनी एवढंच शिकून घेतलं होतं, की खोकला लपवायचा.

“आप बोलेंगे या मैं बोलूं?” मी विचारलं.

“तू मेरी बहन है.”

“इसलिए पूछ रही हूं.”

त्यांनी पडदा ओढून घेतला. मशीन वाजलं, त्या खोकल्या. मी सिस्टरना हाक मारली.

“सिस्टर, भाभींना खोकला आहे, ताप येतोय, अंग उतरलंय. थुंकी तपासायला पाठवा. आजच.” मी आवाज चढवला, म्हणजे शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचावं. “आणि सरांना सांगा, यांची खुर्ची यांचीच राहणार. तसं मला हवं होतं आणि तसंच यांना मिळालं पाहिजे.”

पडद्यामागून भाभींनी मला सिंधीत काय काय शिव्या घातल्या ते मला समजलं नाही, आणि समजून घ्यायची इच्छाही नव्हती. कुणीतरी म्हणालं, “आता सगळ्यांना लागणार.” मी म्हणाले, “लागला तर कळेल आणि बरा होईल. लपवलात तर कळणार नाही. ठरवा काय पाहिजे ते.”

भाभींना टीबी निघाला. माझ्याकडून गेला की दुसरीकडून आला, ते डॉक्टर मुलीलाही सांगता आलं नाही. मी तिला तीनदा विचारलं. अजून कधीकधी विचार येतो, आणि तो मी परतवून लावत नाही, येऊ देते.

भाभी मागच्या खोलीत, शेवटच्या शिफ्टला गेल्या. माझ्याशी बोलत नाहीत. सिस्टर सांगतात की गोळ्या वेळेवर घेतात आणि लघवी लाल होण्याच्या गोष्टीवर अजिबात हसल्या नाहीत. मी पडदा काढून घडी करून सरांच्या टेबलावर ठेवला.

मागच्या आठवड्यात त्यांच्या खुर्चीवर एक नवा पेशंट आला. बदलापूर गावातले एक गृहस्थ, केस काळे केलेले, हातात वर्तमानपत्र, पहिल्यांदाच सुया घालून घ्यायला आलेले. सर म्हणाले, “इथे बसा, आता ही तुमची जागा.”

“नाही,” मी म्हणाले.

सर माझ्याकडे बघायला लागले. हॉलमधले सगळे आपापल्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसले.

“बसू दे त्यांना, सर. मशीन रिकामं ठेवा असं मी म्हणत नाही. पण खरं काय ते सांगून बसवा.” मी त्या गृहस्थांकडे वळले. “दादा, ही खुर्ची एका बाईची आहे. तिला टीबी झालाय. औषध चालू आहे, मागच्या खोलीत येते, संध्याकाळी. ती बरी होऊन परत आली की तुम्हाला दुसऱ्या खुर्चीवर जावं लागेल. नाही गेलात तर मी उठवीन.”

टीबी हा शब्द ऐकून त्यांनी खुर्चीच्या हातावरचा हात उचलला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या नळ्यांकडे पाहिलं.

“आणि तुम्ही त्या बाईंच्या शेजारीच बसत होतात?”

“मलाच आधी झाला होता,” मी म्हणाले. “बसा.”